टीचरबाईला काय द्यायचं, अक्का?

अक्का, तुमचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ओवीच्या शाळेच्या ग्रुपवर तो विषय निघाला. पूनम टीचर वर्ष संपलं की शाळा सोडून धुळ्याला परत जाणार, तर त्यांना सगळ्यांनी मिळून काय द्यायचं? आरवच्या मम्मीने वर्गाचा फोटो छापलेल्या मगचं चित्र टाकलं. कुणी चॉकलेटचा हॅम्पर सुचवला, कुणी टेबलावर ठेवायची नावाची पाटी. मी नेहमीसारखा होकाराचा अंगठा टाकला आणि फोन पालथा ठेवला. मग नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथून आवाज यायला हवा होता, "काय म्हनी राहिन्यात वं तुन्या बाया?"

आला नाही. घरात नुसती सतरंज्यांची चळत होती, मंडपवाल्याने न्यायची राहिलेली.

मला रडू त्या दिवशी आलं. लोक होते तेव्हा नाही आलं. तुमच्या माहेरच्या बायका माझ्याकडे बघून आपसात काय म्हणाल्या असतील ते मला कळतं. सून शिकलेली, कोरडी. तुम्ही असतात तर त्यांना म्हणाला असतात की तिचं तसंच आहे, उशिरा येतं. या घरात माझी बाजू मांडायचं काम तुमच्याकडे होतं, आणि माझ्याशी भांडायचंही.

आज हे लिहायला बसले, कारण टीचरबाईचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं ना.

तुम्ही ओवीच्या शाळेत पहिल्यांदा आलात तो जूनमधला दिवस मला अजून तसाच दिसतो. आबा गेल्यावर तुम्ही शिंदखेड्याहून आमच्याकडे जळगावला राहायला आलात, आणि दोनच दिवसांत तुम्हाला घरात करमेना. म्हणून ओवीला सोडायला बरोबर निघालात. डोक्यावर पदर, हातात रिकामी कापडी पिशवी, कारण पिशवीशिवाय घराबाहेर पडणं तुम्हाला चपलेशिवाय निघण्यासारखं वाटायचं. गेटपाशी पूनम टीचर उभ्या होत्या. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग मॅम, धिस इज ओवीज ग्रँडमदर." त्या इंग्रजीतच काहीतरी छान बोलल्या. तुम्ही त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "तू कोनी वं? गाव कोनतं?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. त्या शाळेच्या आवारात मराठी बोललं तरी मुलांना टोकतात, आणि तुम्ही अहिराणीत बोलत होता. टीचरनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मुख्याध्यापिका जवळपास नाहीत याची खात्री केली आणि हळूच म्हणाल्या, "मी धुयानी, अक्का."

"धुयानी! मंग इतली लांब इंग्रजी बोलाले उनी का?"

त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. मी वर्षभर त्यांच्याशी बोलले असते तरी इतकं हसवू शकले नसते. रस्त्याने परत येताना तुम्हाला त्यांची सगळी माहिती झाली होती. धुळ्याला वडील एकटे असतात, आई नाही, लग्नाचं पाहणं चाललंय पण मनासारखं नाही, इथे एका खोलीत भाड्याने राहतात. मी विचारलं, "एवढं सगळं तुम्हाला कधी सांगितलं त्यांनी?" तुम्ही म्हणालात, "मी इचारं, तिनी सांगं. तुले इंग्रजी शाळामा इचारनं शिकाडं नई का?"

तेव्हापासून त्या आपल्या घरात टीचरबाई झाल्या. ओवी घरी आली की तुमची चौकशी सुरू. टीचरबाईने आज काय घातलं होतं, काय खाल्लं, रागावली का, कोणावर. ओवीला ए फॉर ॲपलपेक्षा हा अभ्यास जास्त आवडायचा.

मग श्रावणात कानबाई आली.

माझ्या माहेरी ही देवी बसवत नाहीत. लग्नानंतर दर श्रावणात आम्ही गावी यायचो, सगळे भाऊबंद जमायचे, नारळाची कानबाई पाटावर बसायची, दागिने घालून, साडी नेसून. मी कोपऱ्यात बसून बघायचे आणि सांगतील तेवढं काम करायचे. या वेळी परत येताना तुम्ही तिच्या प्रसादाचे रोट बरोबर आणलेत. जाडजूड, तुपाचा वास असलेले, धडप्यात गुंडाळून. मला वाटलं, गव्हाचेच आहेत, पौष्टिक आहेत. दुसऱ्या दिवशी ओवीच्या डब्यात एक रोट तुकडे करून दिला.

दुपारी ओवी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आजी, टीचरने माझा टिफिन शेअर केला. त्यांना खूप आवडलं."

"काय व्हतं डबामा?" तुम्ही मला विचारलंत.

"रोट," मी म्हटलं.

तुमच्या हातातली ताटली हातातच राहिली. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की रोट बाहेरच्याला देत नाहीत. फक्त आपल्या कुळाने खायचा, भाऊबंदांनी. लेक लग्न होऊन दुसऱ्या घरात गेली तर तिलासुद्धा देताना विचार करतात. तुम्ही मला ओरडला नाहीत. तुम्हाला प्रश्न वेगळाच पडला होता, की आता या झाल्या गोष्टीला म्हणायचं काय. तुम्ही खुर्चीत बसलात आणि शिंदखेड्याला तुमच्या मोठ्या दिरांना, नानांना, फोन लावायला सांगितलंत. स्पीकरवर.

"नाना, आपला रोट बाहेर गया."

"कितला?"

"अर्धा."

"कोनी खादा?"

"पोरनी टीचरनी."

पलीकडे नाना बराच वेळ खाकरले. मग म्हणाले, "जात कोनती?"

"मी इचारं नई," तुम्ही म्हणालात. "नी इचारनार बी नई."

मी तुमच्याकडे पाहतच राहिले. जगातल्या प्रत्येक माणसाला त्याचं गाव, घर, पगार आणि दुखणं विचारणाऱ्या तुम्ही एवढा एक प्रश्न बाजूला ठेवला होतात. नानांनाही ते कळलं असावं. म्हणाले, "मंग राहू दे. पोटमा गया तो गया. देवीनी मर्जी."

फोन ठेवून तुम्ही स्वतःशीच मान हलवलीत. "मंग आते ती घरनी व्हयनी," असं म्हणालात आणि पोळ्या लाटायला उठलात. तुमच्या लेखी प्रश्न मिटला. पूनम टीचर, ज्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं, त्या दुपारी आपल्या कुळात आल्या.

पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. बाहेरच्या माणसाला भेट देणं सोपं असतं. रंगीत कागद, रिबन, कार्ड. घरच्या माणसाला ते चालत नाही, असं तुमचं म्हणणं. शिक्षक दिनाच्या आधी मी एक चांगलं पेन आणून ठेवलं होतं, डबीतलं. तुम्ही डबी उघडलीत, बंद केलीत. "तिले पेननी काय कमी? शाळामा पेनच पेन."

"मग काय द्यायचं?"

"इचार ना तिले."

"अहो अक्का, असं विचारतात का? विचारून दिलं तर ती भेट कसली?"

"न इचारता देनं म्हनजे आपली हौस. तिनं काय त्यामा?"

इथून आपलं भांडण सुरू झालं. वर्षभर पुरलं ते. मला वाटायचं, माणसाकडे नीट पाहिलं की त्याला काय हवं ते कळतं. न सांगता कुणी ते ओळखून आणून दिलं, यातच सगळा आनंद. विचारलं की समोरचा ओशाळतो, नको म्हणतो, किंवा काहीतरी स्वस्त सांगतो. तुमचं म्हणणं, पाहून कळतं ते आपल्याला वाटतं म्हणून कळतं. तोंड दिलंय कशाला?

दुसऱ्या दिवशी गेटपाशी, सगळ्या आयांसमोर, तुम्ही विचारलंतच. "टीचरबाई, तुले काय लागस?"

"काही नको, अक्का."

"नको म्हनू नको. काय आवडस ते सांग."

मी ओवीच्या दप्तराचा बंद नीट करत खाली वाकले, ते वर बघेना. तेव्हा टीचरचा आवाज ऐकला, अगदी बारीक. "कळण्याची भाकरी. खूप दिवस झाले. माझ्या खोलीवर होत नाही, आणि मेसमध्ये पोळ्याच."

शिक्षक दिनाला सकाळी तुम्ही ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्यात, ठेचा कुटलात, तेलाची छोटी बाटली वेगळी. मी पेनची डबीही पर्समध्ये टाकली. गेटवरचा शिपाई म्हणाला, "आजी, गिफ्ट ऑफिसमध्ये ठेवा, नाव लिहून."

"भाकर थंडी व्हई जाई, भाऊ."

"काय आहे?"

"भाकर."

त्याने आत पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. त्या दिवशी टीचरच्या टेबलावर गुलाब, कार्डं, मग, टेडी यांच्या ढिगाऱ्यात एक जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं गाठोडं होतं, आणि सगळ्या वर्गात ठेच्याचा वास. ओवी म्हणाली, टीचरनी वर्गाचं दार लावून खाल्लं आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने, असं टीचर म्हणाल्या.

पेन मी दिलंच नाही. अजून माझ्या पर्समध्ये आहे, चांगलं चालतं.

पण तुमचंही दर वेळी जमलं असं नाही हं, अक्का. दिवाळीला तुम्ही पुन्हा विचारलंत आणि टीचर भिडेखातर शंकरपाळे म्हणाल्या. तुम्ही डबा भरून दिलात. मोठा, पापडाचा. एकट्या बाईने किती खायचे? त्यांच्या खोलीत मुंग्यांची रांग लागली, घरमालकीण बोलली. ओवीने ही बातमी आणली तेव्हा मी हसू दाबत होते. तुम्ही म्हणालात, "तिनीच सांगं ना!"

"भिडेने सांगितलं त्यांनी. तुमच्यासमोर नाही कसं म्हणणार?"

"मंग तू काय दिन्हं व्हतं?"

मी थर्मास दिला होता, तुम्हाला न सांगता. शाळा सुटताना टीचर गळ्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या, आणि शेवटच्या तासाला त्यांचा आवाज बसलेला असायचा, हे मी पहिल्या महिन्यापासून पाहत होते. पाणी मात्र वर्गातल्या माठातलं गार. म्हणून साधा, लहान, पर्समध्ये मावेल असा थर्मास. चिठ्ठीत फक्त "गरम पाण्यासाठी" लिहिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो रोज त्यांच्या टेबलावर असायचा. तुम्ही ओवीला खोदून खोदून विचारलंत की टीचरबाई खरंच त्यातून पाणी पिते का. पिते, असं ती म्हणाली. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणालात, "तुले बठ्ठं दिखस. पन तोंड उघडस नई तू."

तुमच्याकडून आलेली ही शाबासकी होती की टोमणा, ते मी तेव्हाही ठरवू शकले नाही. मला आवडलं एवढं खरं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण मला सगळं दिसतं याची कुणी दखल घेतली नव्हती. मी गप्प आहे एवढंच सगळ्यांना दिसायचं.

तुमच्यासोबत घालवलेल्या त्या संध्याकाळी आता जास्त आठवतात. तुम्ही गवार मोडायचात, मी लॅपटॉपवर काम करायचे, ओवी टीचरची नक्कल करायची. "चिल्ड्रन, फिंगर ऑन युवर लिप्स." तुम्ही लगेच ओठांवर बोट ठेवायचात आणि डोळे मिचकावायचात. आपल्या दोघींमध्ये बोलण्यासारखं काही आहे असं मला लग्नानंतर कित्येक वर्षं वाटलं नव्हतं. तुमची अहिराणी मला अर्धी कळायची, माझं मराठी तुम्हाला पुस्तकी वाटायचं. टीचरबाई मध्ये आल्या आणि आपल्याला विषय मिळाला. एका तिसऱ्याच बाईला काय आवडेल यावर आपण इतकं बोललो की त्यात एकमेकींचंही पुष्कळ कळून गेलं.

फेब्रुवारीत टीचरनी सांगितलं की त्या धुळ्याला परत चालल्या. वडिलांना एकटं ठेवता येत नाही, तिथल्याच शाळेत जागा मिळतेय. तुम्ही त्या दिवसापासून साडीच्या मागे लागलात.

"घरनी पोर सासरले जास, गावले जास, साडी देतंस ना?"

"अक्का, त्या ओवीच्या टीचर आहेत. शाळेत चालत नाही असं. बाकीच्या आया काय म्हणतील? टीचरना अवघड होईल."

"तिले इचार, रंग कोनता पाहिजे."

"मी विचारणार नाही."

"मी इचारसू मंग."

"नका विचारू, अक्का. प्लीज. भाकरी वेगळी, साडी वेगळी. त्यांना परत काय द्यावं याचं ओझं होईल. मी बघते काहीतरी."

तुम्ही गवारीची शेंग मोडून परातीत टाकलीत. "पाह्य मंग. पाहतच राहशी."

हे तुम्ही रागाने म्हणाला नव्हतात. नेहमीचंच होतं. पण मला लागलं, आणि मी उठून आत गेले. नंतर आपण जेवलो, टीव्ही पाहिला, ओवीचं डोकं विंचरण्यावरून बोललो. तो विषय मात्र दोघींनीही पुन्हा काढला नाही. मी मनात उत्तरं जुळवत होते. मार्चमध्ये तुम्ही दुपारच्या निजलात त्या उठलाच नाहीत, आणि माझी उत्तरं माझ्यापाशीच राहिली. चांगली होती, अक्का. तुम्हाला पटली नसती, पण चांगली होती.

शाळेत मी फक्त एवढा निरोप पाठवला की ओवीची आजी वारली, ती काही दिवस येणार नाही. टीचरचं इंग्रजीत उत्तर आलं, दोन ओळींचं, सगळे पाठवतात तसं. मला वाटलं, झालं.

चौथ्या दिवशी बायका बसायला आल्या होत्या. दारात चपलांचा ढीग. तेवढ्यात पूनम टीचर आल्या. सरळ शाळेतून, गळ्यात ओळखपत्र तसंच. आत आल्या, भिंतीला टेकून बायकांमध्ये बसल्या. माझ्याकडे पाहिलं फक्त. तुमच्या चुलत जावेने विचारलं, "या कोन शेतस?"

मी उत्तर शोधत होते. ओवीच्या टीचर, असं म्हटलं असतं तर ते खरं होतं, पण मग त्या तिथे अशा जमिनीवर का बसल्या आहेत हे सांगता आलं नसतं. माझ्या आधी दारातून नाना बोलले; टीचर आत येताना त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं असावं. पुरुषांत बसलेले होते, मान न वळवता म्हणाले, "घरनी शे ती."

बस. जावेने सरकून टीचरना नीट बसायला जागा केली. नाना पुन्हा लाकडांच्या, गाडीच्या हिशेबात शिरले. फोनवर खाकरणारे ते हेच नाना. तुम्ही तिथे होता, मधोमध, फोटोत. तुमचा चेहरा फोटोत गंभीर येतो, नाहीतर मी शपथेवर सांगितलं असतं की तुम्ही हसलात.

तर अशी परिस्थिती होती, आणि ग्रुपवर फोटोवाला मग ठरला. मी अंगठा टाकला हे वर सांगितलंच. पण त्याने माझं समाधान होईना. मी दुकानात गेले. एक शाल पाहिली, धुळ्याच्या थंडीसाठी. नको, उन्हाळ्यात शाल. एक टेबल लॅम्प पाहिला. वडिलांचे डोळे कसे आहेत कोण जाणे. साडीच्या दुकानासमोरही उभी राहिले. आत गेले नाही. वर्षभर मी त्यांना पाहत आले होते, गळा, आवाज, बुटांच्या झिजलेल्या टाचा, सगळं. पण त्या चालल्या होत्या, आणि चाललेल्या माणसाला काय लागतं ते मला त्यांच्याकडे बघून कळेना. कितीही पाहिलं तरी कळेना. दुकानदार दोनदा विचारून गेला, "मॅडम, काय दाखवू?" मला सांगता येईना.

शुक्रवारी शाळेचा शेवटचा दिवस. गेटपाशी गर्दी. सगळ्या आया टीचरबरोबर फोटो काढत होत्या. मी थांबले. गर्दी ओसरली तेव्हा ओवीचा हात धरून पुढे गेले. काय म्हणायचं ते घरून ठरवून आले होते, इंग्रजीत, नीट वाक्य करून. ते निघालंच नाही. म्हटलं, "टीचर, तुम्हाला काय हवंय?"

फार वेडंवाकडं निघालं ते. जवळजवळ भांडल्यासारखं. त्या दचकल्या. मग त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नको म्हटलं नाही. थोडा विचार केला, खरोखरचा विचार, आणि म्हणाल्या, "रविवारी टेम्पो सांगितलाय. सामान बांधायचंय. एकटीने बांधायला नको वाटतंय. याल?"

मी तासभर दुकानात फिरले होते, अक्का. दुकानात मिळण्यासारखं काही त्यांना नकोच होतं.

आज रविवार. आम्ही तिघीच होतो, टीचर, मी आणि ओवी. खोली लहान, पण पलंगाखालून खोकीच्या खोकी निघाली. त्यात मग. नुसते मग, अक्का. 'बेस्ट टीचर', 'वर्ल्ड्स बेस्ट टीचर', 'टू अवर डिअर पूनम मॅम'. काही वेष्टनातून काढलेलेही नव्हते. टीचर जमिनीवर बसल्या आणि हसायलाच लागल्या. "टाकवत नाही हो. प्रत्येकाने केवढ्या कौतुकाने आणलेला. आणि मी तर चहा स्टीलच्या पेल्यात पिते." ओवीने तिच्या वर्गाचा मग शोधून काढला, स्वतःचा चेहरा शोधला आणि तो मात्र पेपरात गुंडाळून वेगळा ठेवायला लावला. आम्ही भांडी बांधली, पुस्तकं बांधली, गादीची वळकटी केली. मी बोलत होते. तुम्ही ऐकलं असतं तर विश्वास बसला नसता. मी त्यांना रोटाची गोष्ट सांगितली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. फोन, नाना, जातीचा प्रश्न, तुमचं उत्तर, सगळं सांगितलं. त्या दोरी बांधता बांधता थांबल्या. मग म्हणाल्या, "मला कधी विचारलं नाही त्यांनी. मला वाटायचं, विचारतील आता. प्रत्येक वेळी वाटायचं."

"त्या नव्हत्या विचारणार," मी म्हटलं.

त्यांनी गाठ मारली. घट्ट, दोन वेळा. मीही पुढे काही विचारलं नाही.

टेम्पो भरला. टीचर ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर एक कुंडी. आम्ही दोघी खाली रस्त्यावर. इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "धुळ्याला कधी येता?"

असं विचारलं की माणूस बघू म्हणतो. मी म्हटलं, "ओवीला सुट्टी लागलीच आहे. पुढच्या शनिवारी."

"मग सांगून ठेवा, काय करू जेवायला?"

काहीही चालेल, असं तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. "मांडे," म्हटलं. "खापरावरचे."

त्या जोरात हसल्या. "मांडे! अहो, ते काय एकटीचं काम आहे का? दोघी लागतात. हातावर पीठ फिरवायला आणि खापराकडे बघायला."

"मला येत नाहीत," मी म्हटलं. "अक्का करायच्या तेव्हा मी दारातून बघायचे."

"मग या वेळी आत या," टीचरबाई म्हणाल्या. "लवकर या. पीठ मळायलाच दोन तास जातात. आणि बाह्या वर करता येतील असा ड्रेस घाला."

टेम्पो गेला. ओवी विचारत होती, मांडे म्हणजे काय, ते गोड असतात का. मी तिला सांगत सांगत घरी आले. पातळ, मोठे, कोपरापर्यंत येतात, आणि खापरावर टाकताना हात अजिबात थांबवायचा नाही, नाहीतर फाटतात. इतकं मला पाहून पाहून माहीत आहे, अक्का. बाकीचं शनिवारी विचारीन.